पानवेलीला कोणाचा हात लागला

रविवारी फोनवर तुम्ही दोघांनी एकदमच विचारलंत, "आजी, पानवेल कुठे गेली? आणि बुलबुलवाली ताई का दिसत नाही?" मी म्हटलं, वेल वादळात गेली आणि ताई कामात आहे. मग तुमच्या बाबांनी फोन घेतला आणि मी सुटले. खरं उत्तर देताना मला तुमच्याकडे बघायचं नव्हतं. म्हणून लिहिते आहे. मोठीने आधी वाचावं. तिचं आता हे कळायचं वय झालं आहे. धाकट्याला समजेल तेवढं तिने सांगावं.

आपली बाग तुम्ही पाहिली आहे. हायवेवरच्या ट्रकांची धूळ शेलूबाजारच्या या गल्लीत आतपर्यंत येते, पण आपल्या फाटकाच्या आत सगळं जागच्या जागी असतं. कुंड्या उंचीप्रमाणे, झारी खिळ्याला, प्रत्येक आळ्याला विटांची तिरपी किनार. तुमचे आजोबा म्हणायचे, हिची झाडंसुद्धा परेडला उभी असल्यासारखी दिसतात. त्यांनी स्वतः या बागेत एकच गोष्ट लावली, ती पानवेल. मित्राच्या पानमळ्यातून वेलीचा तुकडा ओल्या फडक्यात गुंडाळून आणला आणि शेवग्याच्या बुंध्याशी लावला. जेवण झालं की स्वतः उठून पान तोडायचे.

आपल्या भागात पानमळ्याचा एक नियम आहे. पाळीच्या दिवसांत बाईने मळ्यात पाऊल टाकायचं नाही, टाकलं तर वेल जळते म्हणतात. त्या मित्राने तुकडा देतानाच आजोबांना तसं बजावलं होतं. त्यांनी ते मला हसत हसत सांगितलं, आणि मी वेलीला पहिलं पाणी मुद्दाम त्याच दिवसांत घातलं. वेल शेवग्यावरून थेट गच्चीच्या कठड्यापर्यंत गेली. मी नागपूरला इंग्रजी शाळेत शिकलेली, इथे येऊन कन्याशाळेत आयुष्यभर विज्ञान शिकवलं. दर वर्षी आठवीच्या मुलींना हा प्रयोग सांगायचे. माझ्या वेलीचा दाखला द्यायचे.

आता ताईबद्दल. ती शेजारच्या घरची सून, किन्हीराजाकडची. नवरा कामरगावच्या रस्त्याला जीप चालवतो. तिच्या सासूबाई मला बाई म्हणतात, कारण त्या कधीकाळी माझ्याच वर्गात होत्या. त्यांच्या घरी पाळी पाळतात. ते चार दिवस ताईने जिन्याखालच्या खोलीत चटईवर बसायचं. ताट वेगळं, तांब्या वेगळा. तुळस, लोणचं, पापड, देव, कशालाच हात नाही. लग्न होऊन आली तेव्हा ती एकदा अशाच दिवसांत आपल्या फाटकाशी येऊन उभी राहिली होती. मी आत ये म्हटलं तर म्हणाली, "मी दूर हाय, आजी." मी तिचा हात धरून आत आणलं आणि झारी तिच्या हातात दिली. "इथे सगळ्याला हात लाव. झाडांना काही कळत नाही. आणि कळलं तरी काही होत नाही."

तेव्हापासून ती त्या दिवसांत न चुकता यायची. इतर दिवशी तिला घरच्या कामातून फुरसत नसे, म्हणून बागेत निवांत बसायचे तिचे ते चारच दिवस. मधुमालतीत बुलबुलाने घरटं केलं ते तिलाच आधी दिसलं. फोन उंच धरून तुम्हाला पिल्लांच्या लाल चोची दाखवायची ती हीच. शिंजीर कुठल्या फुलावर येतो, सरडा टाकीच्या कुठल्या कोपऱ्यात झोपतो, हे ती मला सांगायची आणि मी तिला मोगऱ्याची छाटणी शिकवायचे. मला स्वतःचा फार अभिमान वाटायचा, हेही लिहून ठेवते.

यंदाचा वैशाख वैशाखासारखा नव्हता. दुपारी अंगाची लाही व्हायची, चारच्या सुमाराला आभाळ काळं व्हायचं, मग वारा सुटायचा. कधी नुसती धूळ, कधी बोराएवढ्या गारा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच भाजणारं ऊन. साळुंक्या चोची उघड्या टाकून नळाखाली बसायच्या आणि संध्याकाळी टाकीमागे बेडूक ओरडायचे, जणू मृग लागला. मोगऱ्याच्या कळ्या दोनदा गळून पडल्या. शेवग्याची एक मोठी फांदी मोडली. बाकी सगळ्यापेक्षा मला वेलीची काळजी होती. उन्हाने तिची मुळं तापू नयेत म्हणून मी आळ्याची किनार आणखी एका विटेने उंच केली, फटी मातीने बंद केल्या आणि आत पालापाचोळा दाबून भरला. वरून गोणपाट टाकलं. काम नीट झालं म्हणून दोन पावलं मागे जाऊन बघितलंही.

मग पानं पिवळी पडू लागली. पाच-सहा दिवसांत देठाशी काळी झाली आणि हात लावला की गळू लागली. मी रोज सकाळी उठून आधी तिकडे जायचे. आजोबा गेल्यापासून घरात त्यांचं असं वाढणारं काही ते एवढंच होतं.

एका सकाळी ताईच्या सासूबाई भिंतीपलीकडे कपडे वाळत घालत होत्या. वेलीकडे बघून म्हणाल्या, "काय झालं वो बाई, येलीले?"

"उन्हाने असेल," मी म्हटलं.

"ऊन तं दरसाल असते. पानयेल लय नाजूक. कोनाचा हात लागला असन."

"हाताने काही होत नसतं. तुला शिकवलं होतं मी."

"शिकोलं होतं नं. म्या पेपरात लिवलं बी होतं. मार्क भेटले," त्या म्हणाल्या आणि चादर झटकून तारेवर टाकली.

मी हसले. त्याही हसल्या. पण ते वाक्य दिवसभर माझ्याबरोबर घरात फिरत राहिलं. भाजी चिरताना, पेपर वाचताना. ताई आदल्या आठवड्यात येऊन गेली होती, आणि वेलीला टाकीतलं पाणी तिनेच घातलं होतं.

संध्याकाळी ती थोडा वेळ काढून आली. बुलबुलाची पिल्लं उडायला आली होती, ती बघायला. पिल्लं बघून झाल्यावर तिने टाकीतून पाण्याचा मग भरून घेतला आणि सवयीने वेलीकडे निघाली. मी म्हटलं, "थांब." ती थांबली. आणि मी विचारलं, "मागच्या आठवड्यात तू हिला पाणी घातलंस, तेव्हा तुझी पाळी चालू होती का गं?"

तिने माझ्याकडे बघितलं. मी काही गंमत करते आहे का, ते बघत असावी.

"हो आजी," ती म्हणाली. "तुमाले ठावं होतं नं."

"नाही, सहज विचारलं."

प्रश्नापेक्षाही मला या 'सहज'ची लाज वाटते. ती हातातला मग टाकीच्या काठावर ठेवायला गेली, पण थांबली आणि वाकून खाली फरशीवर ठेवला. घरी त्या दिवसांत ठेवते तसा, म्हणजे दुसऱ्याला घेताना स्पर्श होऊ नये. त्या दिवशी तर तिची पाळीही नव्हती. "निंगते मी. चहाची येळ झाली," म्हणाली आणि फाटक हळू ओढून गेली.

दुसऱ्या दिवशी मी गोणपाट काढलं, विटा काढल्या आणि खुरप्याने माती उकरली. खाली नुसता चिखल होता. गारांचं आणि पावसाचं सगळं पाणी माझ्या त्या उंच किनारीने आत धरून ठेवलं होतं, आणि त्यावर दाबलेला पाला कुजून घाण वास येत होता. मुळं हातात घेतली तर साल सुटून आली. पाणी साचलं की मूळ कुजतं, हे मी फळ्यावर किती वेळा आकृती काढून शिकवलं असेल. वेल मी बुडवली होती.

हे कळल्यावर बरं वाटायला हवं होतं, निदान स्पष्ट तरी वाटायला हवं होतं. मी तिथेच विटांवर बसून राहिले. मी त्या नियमावर विश्वास ठेवते का? नाही. त्या संध्याकाळीही ठेवत नव्हते. पण वेल माझ्या हातून गेली असेल अशी शंका मला आधीच आली होती, आणि ती दुसऱ्या कोणाच्या हातून गेली असती तर मला हवं होतं. ते 'दुसरं कोणी' शोधायला मला लांब जावं लागलं नाही. आपल्याकडे ते नेहमी तयारच असतं.

ताई आली नाही. पिल्लं उडून गेली तेव्हाही आली नाही. मग एक दिवस दळण घेऊन जाताना सासूबाई फाटकाशी थांबल्या. भिंत बुटकी आहे, त्या संध्याकाळचं त्यांनी ऐकलं होतं. "बरं झालं बाई, तुमी बोलल्या तिले. माह्यं कोन ऐकते? सून म्हने, बाई तं मानत नाही. आता म्हनलं, पाह्य, बाई बी मानतात." गल्लीतही त्यांनी हेच सांगितलं होतं. मी इतकी वर्षं वर्गात जे सांगितलं ते एका प्रश्नाने पुसून निघालं, आणि ते पुसायला माझाच हात लागला.

मी त्याच दुपारी त्यांच्या घरी गेले. ताईने चहा आणला. मी दोघींसमोर सांगितलं की वेल माझ्या चुकीने कुजली, पाणी साचून. मी विचारलं ते विचारायला नको होतं, आणि ते मूर्खपणाचं होतं. माझा आवाज नको तेवढा मोठा झाला. सासूबाई हसून म्हणाल्या, "कायले येवढं मनावर घेता? तिले वाईट वाटू नाही म्हनून तुमी मोठेपना घेऊन राह्यल्या, हे काय मले समजत नाही?" त्यांना पटवणं माझ्या हातात राहिलं नव्हतं. एकदा मनासारखा साक्षीदार मिळाल्यावर त्याची उलटी साक्ष कोण ऐकतं.

ताई मला दारापर्यंत सोडायला आली. मी म्हटलं, "मला माफ कर गं."

"असं नका म्हनू, आजी." मग म्हणाली, "घरी समदेच म्हनतात. त्याचं मले आता काई वाटत नाही. तुमी एकट्याच होत्या न म्हननाऱ्या."

त्यानंतर ती येते, पण घाईघाईत आणि इतर दिवशी. सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर, नेते, गोडलिंब नेते, मोगऱ्याला कळ्या धरल्या का विचारते. मी तिला तुम्हाला फोन लावायला सांगितलं तर म्हणाली, "पुढच्या टायमाले." त्या चार दिवसांत ती येत नाही. मी काही बोलत नाही, कारण ये म्हणायचा माझा हक्क मीच घालवला आहे.

गेल्या शनिवारी असंच दुपारी आभाळ भरून आलं. त्यांच्या स्लॅबवर खाटांवर, जुन्या लुगड्यांवर पापड आणि कुरडया वाळत होत्या. पुरुषमाणसं बाहेर गेलेली. सासूबाईंनी वरून हाक मारली, "बाई, या वो लवकर, पानी येऊन राह्यलं." मी जिना चढून गेले तेव्हा थेंब सुरू झाले होते आणि लुगड्यांची टोकं वाऱ्याने उडत होती. आम्ही दोघी पापड गोळा करू लागलो. माझे गुडघे तुम्हाला माहीत आहेत. मी एकेक पापड उचलत होते आणि वारा चार उडवत होता.

ताई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर येऊन उभी राहिली. तिचे ते दिवस होते. ती पावसात भिजत होती आणि हात अंगाशी घट्ट धरून होती. मी आणि सासूबाई, दोघींनी तिच्याकडे बघितलं. तिने दोन पावलं टाकली असती तर निम्मं काम झालं असतं.

"ये, उचल," असं माझ्या अगदी ओठावर आलं. मी ते मोठ्याने, सासूबाईंना ऐकू जाईल असं म्हणणार होते. मग माझी नजर तिच्या चेहऱ्यावर गेली आणि मी पुन्हा पापडांकडे वाकले. ती मला डोळ्यांनीच नको म्हणत होती. पुढे पावसाळ्यात एखादा पापड लाल पडला, एखाद्या कुरडईला वास आला, की तो प्रश्न तिलाच विचारला जाणार होता, आणि मी तेव्हा माझ्या घरात असणार होते. मला माझी लाज धुवायची होती, आणि त्यासाठी मी पुन्हा तिलाच पुढे करत होते.

"आजी," ती पायरीवरूनच म्हणाली, "टाकीमागं गेल्या काही. त्या बाजूले."

मी स्लॅबवरच्या पाण्याच्या टाकीमागे गेले. तिथे कुरडया खरंच होत्या. "खाटेखाली बी हायेत," ती म्हणाली. मी वाकले. सासूबाई भरलेली टोपली घेऊन खाली गेल्या, आणि वर आम्ही दोघीच राहिलो तरी ती पायरीवरून हलली नाही. ती बोटाने दाखवत होती आणि मी उचलत होते.