चौदा दिवसांचा चेहरा

चौकातल्या औषधांच्या दुकानावर गोरेपणाच्या क्रीमची जी भलीमोठी पाटी होती, तिच्यावरचे फोटो गल्लीतल्या स्टुडिओवालीने काढलेले होते. एकाच मुलीचे दोन चेहरे. डावीकडे काळवंडलेला, पडलेला. उजवीकडे गोरा, हसरा. खाली ठसठशीत अक्षरं: फक्त चौदा दिवसांत. प्रत्यक्षात दोन्ही फोटो एकाच दुपारी निघाले होते, मध्ये एक चहा झाला तेवढाच. आधी एकच दिवा खालून लावला आणि मुलीला तोंड पाडून बसायला सांगितलं. मग दोन दिवे वाढवले, बाजूला पांढरा पुठ्ठा धरला, एक पाचकळ विनोद सांगितला. क्रीमची डबी कुणी उघडलीसुद्धा नाही.

गल्लीत सगळे तिला फोटोवाली म्हणत. वडिलांमागे स्टुडिओ तिने एकटीने चालवला: ओळखपत्रांचे फोटो, शाळांचे वर्गफोटो, अधूनमधून जाहिरातीचं काम. समोरच्याच घरात थोरली बहीण राहायची. तिची बारा वर्षांची मुलगी घरात कमी आणि मावशीच्या स्टुडिओत जास्त असायची. एका जागी ठरत नसे, म्हणून तिचं नाव भिंगरी पडलं होतं.

त्या वर्षी भिंगरीच्या वर्गाचा फोटो काढायला मावशीच गेली होती. मैदानात बाकं लावत असताना मुलींच्या स्वच्छतागृहातून किंकाळी आली. आवाज तिने ओळखला. धावत गेली तर दाराला आतून कडी. दोन लाथांत दार मोडलं.

आत वर्गातल्याच चौघींनी भिंगरीला फरशीवर पाडलं होतं. एक छातीवर बसली होती, दोघींनी हात दाबून धरले होते. हिच्यामुळे अख्खी ओळ काळी दिसते, हिला फोटोपुरती तरी गोरी करू, असं त्यांचं ठरलं होतं. आधी क्रीम चोपडली. काही फरक पडेना. चौदा दिवस थांबायला कुणाला वेळ होता, फोटो दहा मिनिटांवर आलेला! म्हणून चौथीने फरशी घासायचा ब्रश उचलला. डाव्या गालाचं कातडं निघालं होतं, डोळ्यात रक्त उतरलं होतं, आणि ती पोरगी अजून घासतच होती.

फोटोवालीने तिला वेणीला धरून ओढलं आणि अशी थोबाडीत दिली की ती बेसिनवर जाऊन आपटली, ओठ फाटला. दुसऱ्यांदा हात उगारला तोच मुख्याध्यापिकाबाईंनी मागून धरला. पोरगी तोंड दाबून रडत होती. रडतारडताच म्हणाली, "पाटीवरची मुलगी तर झाली होती गोरी."

फोटोवालीचा हात तिथेच गळाला.

भिंगरीचा डोळा वाचला. गालावर मात्र तळहाताएवढा वण राहिला. दवाखान्यातून तिला घरी आणलं त्याच सकाळी बहीण लोखंडी सळई घेऊन स्टुडिओत आली आणि एकेक दिवा फोडत सुटली. काचा उडून दोघींच्या हातांतून रक्त येत होतं. फोटोवालीने तिला अडवलं नाही.

"माझ्या पोरीचं तोंड त्यांनी नाही सोललं," बहीण म्हणाली. "तू सोललंस."

पुढचे कित्येक दिवस स्टुडिओ बंद होता. मग एके दिवशी फोटोवाली शाळेत गेली आणि जाहिराती कशा बनतात ते मुलांना शिकवायला आठवड्यातून एक तास मागितला. मुख्याध्यापिकाबाईंनी साफ नकार दिला. मुलीचा ओठ फोडणारी बाई वर्गात कशी उभी करायची? तेव्हा तिने आधी भरवर्गात त्या मुलीची माफी मागितली. शनिवारचा शेवटचा तास मिळाला.

पहिल्या तासाला तिने त्याच मुलीला पुढे बसवलं, उसने दिवे लावले आणि सगळ्यांसमोर तिचे दोन फोटो काढले. एकात ती आजारी दिसत होती, दुसऱ्यात राजकन्या. मागून कुणीतरी म्हणालं, बाई, म्हणजे आम्हाला दिव्याचं बटन हवंय, क्रीम नको. सगळे हसले.

मग बूट आले, बिस्किटं आली, केसांची तेलं आली. प्रत्येक जाहिरातीला प्रश्न तेच: हे कोण सांगतंय, सांगून त्याला काय मिळणार, फोटोत काय दाखवलेलं नाही? आणि शेवटचा, मुलांना सगळ्यात जड जाणारा: ही वस्तू मला कालही हवी होती का? मुलं हे प्रश्न घरी घेऊन गेली, तिथून औषधांच्या दुकानात. दुकानदार वैतागला. क्रीम पडून राहू लागली.

एका दुपारी क्रीमचा वितरक दोन माणसं घेऊन स्टुडिओत आला. त्याने आवाज चढवला नाही. माणसांनी कॅमेरा भिंतीवर आपटला, तिला दारापाशी नेलं, उजवा हात चौकटीत धरला.

"चेहरे उजळणं तुमचं काम," तो म्हणाला. "तेवढंच करायचं." आणि त्याने दार ओढलं. हाड मोडल्याचा आवाज रस्त्यापर्यंत गेला म्हणतात.

तिने पोलिसांत तक्रार केली, हाताची आणि खोट्या जाहिरातीचीही. दोन्ही फोटो एकाच दुपारचे, हे सांगायला पाटीवरची मुलगी स्वतःहून साक्षीला आली. वितरक तुरुंगात गेला, पाटी उतरली. महिन्याभरात तिथे दुसऱ्या कंपनीची लागली. फोटोवालीचा अंगठा पुन्हा वाकला नाही. कॅमेरा ती डाव्या हाताने चालवायला शिकली. शनिवारचा तास एकदाही चुकवला नाही.

भिंगरी दीड वर्ष तिच्याशी बोलली नव्हती. आता ती वरच्या वर्गात होती. एका शनिवारी ती वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली. हातात पाण्याची स्टीलची बाटली.

"मावशी, फोटो काढताना तुला माहीत होतं?"

"हो."

"सगळं खोटं आहे, हे?"

"सगळं."

भिंगरीने बाटली फेकून मारली. ती कपाळावर बसली, भुवई फुटून रक्त नाकावर ओघळलं. मुलं उठली, तशी फोटोवालीने हातानेच त्यांना बसवलं. पदर भुवईवर दाबून ती तशीच उभी राहिली.

भिंगरी आत आली, पहिल्या बाकावरच्या मुलीला सरकवून तिच्या शेजारी बसली. त्या दिवशी फळ्यावर बुटांची जाहिरात लावलेली होती.

"शिकव पुढे," ती म्हणाली.