मालूचे मराठी टायपिंग

बेळगावच्या शहापुरात आमचे टायपिंगचे क्लास होते. माझे यजमान मराठी आणि कन्नड शिकवीत, मी इंग्रजी. १९७४ च्या जूनमध्ये येळ्ळूरचे रवळूअण्णा आपल्या धाकट्या मुलीला घेऊन आले. मुलीचे नाव मालू. त्या शेतकरी घरात मॅट्रिक झालेली ती पहिलीच.

यजमानांनी त्यांना स्पष्ट सांगितले की इथल्या सरकारी कचेरीत नोकरी हवी असेल तर कन्नड टायपिंग घ्या. रवळूअण्णा हसले.

"मास्तर, वरसा-दोन वरसात सीमेचा निकाल लागतोय. कचेऱ्या मराठी झाल्या की मराठी टायपिस्ट कुठनं आणणार सरकार? आमचीच पोरगी पयली."

कन्नडचा त्यांना राग नव्हता. बैलबाजारात ते कन्नडमध्येच घासाघीस करीत. पण सीमा चळवळीत ते तुरुंगात जाऊन आले होते, आणि येळ्ळुरात तेव्हा पुष्कळ गोष्टी निकालावर ठेवल्या जात. घराची दुरुस्ती निकाल लागल्यावर, शिपाई असलेल्या थोरल्या मुलाची बदली निकाल लागल्यावर. मालूची भाषाही त्याच हिशेबात ठरली.

तिची आई गुणाबाई हिला हे काही पसंत नव्हते. खानापूरकडचे एक स्थळ आले होते, मुलगा शाळेत मास्तर. ती मंडळी वर्षभर थांबायला तयार नव्हती. गुणाबाई म्हणाली, "टायपिंग काय पळून जात न्हाय, पोरगा जातोय." पण मालूला खुर्चीवर बसून स्वतःचा पगार घ्यायचा होता. तिने हट्ट धरला, वडील तिच्या बाजूने उभे राहिले, आणि ते स्थळ परत गेले.

येळ्ळूरहून ती वडगावमार्गे चालत येई. शेतातल्या भांगलणीने, तण उपटून राठ झालेली तिची बोटे सुरुवातीला दोन कळा एकदम दाबत. मराठी यंत्रावर आधी अर्धे अक्षर उठवायचे, मग काना मारून ते पुरे करायचे. तिचा काना कधी चुकत नसे. परीक्षा कोल्हापूरला होती आणि यंत्र ज्याचे त्याने न्यायचे. रवळूअण्णांनी आमचे जड यंत्र घोंगडीत गुंडाळले आणि निपाणीवरून जाणाऱ्या एस.टी.त सबंध वाट मांडीवर धरून बसले, धक्क्याने एखादी कळ वाकू नये म्हणून. मालू पहिल्या वर्गात पास झाली. त्यांनी आमच्या क्लासमध्ये पेढे वाटले, कन्नड शिकणाऱ्या मुलांनाही.

मग अर्ज सुरू झाले. बेळगावला मुलाखतीची बोलावणी येत, पण तिथे कन्नड टायपिंग विचारीत. कोल्हापूरला गेली तर तिथल्या साहेबांनी तिचे काम पाहून वाखाणले, आणि महाराष्ट्रातला रहिवासी दाखला मागितला. तो तिच्याकडे कुठून असणार? असे तीन वर्षे चालले. शेवटी तिने यजमानांना विचारले, मला कन्नड शिकवाल का? ते आनंदाने तयार झाले. ती तीन-चार दिवस आली आणि यायची थांबली. नंतर एकदा शहापूरच्या बाजारात भेटली तेव्हा मी कारण विचारले.

"आप्पा रागावले न्हाईत, बाई. म्हणाले, 'शीक. पर मग मी जेलात कशाला गेलतो, तेवढं मला सांग.' मला सांगता येईना."

१९८१ मध्ये माझे यजमान गेले. क्लास बंद पडू नये म्हणून मराठी शिकवायला मी मालूला बोलावले. मुले थोडी, पगार मला देता येईल तेवढाच. उरलेल्या वेळात ती सीमा समितीची निवेदने टाइप करून देई, फुकट. बरेचदा त्यांचे हाती लिहिलेले मसुदे रवळूअण्णाच आणत. तिच्या त्या शिक्षणाचा खरा उपयोग म्हणावा तर तेवढाच. स्थळे येत, पण आता मुलीचे वय विचारून परत जात.

१९८३ च्या दिवाळीनंतर, मालू पोस्टात गेलेली असताना, रवळूअण्णा एकटे आले. बाकावर बसले.

"बाई, मालूला कन्नडचं कुणाकडनं तरी शिकवून घ्या. मीच सांगतोय म्हणून सांगा तिला. निकालाचं काय, लागंल तवा लागंल. पोरीची नोकरी तर हुदे."

मी त्यांना सांगितले की भरतीची वयोमर्यादा मालूने गेल्याच वर्षी ओलांडली.

"वय असतंय व्हय नोकरीला?"

त्यांना हे खरोखरच माहीत नव्हते. शेताला वय नसते, चळवळीला नसते. नोकरीही तशीच, आपण हो म्हणेपर्यंत थांबणारी, असे ते धरून चालले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ते बसून राहिले. मी चहा केला, तो तसाच निवला. जाताना म्हणाले, मी आलतो म्हणून तिला सांगू नका.

मी सांगितले नाही. पण दुसऱ्या दिवशी मालू आली ती सगळे कळूनच. रात्री वडील जेवले नव्हते आणि आईने खोदून विचारले होते. तुला वयाचे ठाऊक असून तू घरी का बोलली नाहीस, असे मी तिला विचारले.

"आप्पास्नी सांगून काय करू? त्यास्नी वाटत हुतं अजून वेळ हाय. रोज म्हणायचे, तुझं हुतंय बघ. मी बी व्हय म्हणायची." तिने पिशवी खुंटीला अडकवली. "आता घरात कुणी तसं म्हणणारं ऱ्हायलं न्हाय."

त्या सकाळी मराठीला एकही विद्यार्थी नव्हता. मालूने यंत्रावरचे कापड काढले, कार्बन घालून तीन कागद चढवले आणि समितीचे निवेदन टाइप करायला घेतले. संध्याकाळी ते रवळूअण्णांना सहीसाठी हवे होते.