मैदानाकडे पाठ

आजोबा खुर्च्या करायचे. मामांनी त्याच शेडमध्ये, त्याच हत्यारांनी विमानं करायला घेतली. आमच्या भागात तोवर असलं वेड कुणाला लागलं नव्हतं. लाकूड चिकटवायचा सरस आणि तासायचा रंधा यांनी त्यांची बोटं राठ झाली होती. पण चाचणीच्या दिवशी त्यांना वर बघवायचं नाही. मैदानाकडे पाठ करून ते खोक्यावर बसायचे आणि वरचं सगळं मामीने सांगायचं. स्वतःचं विमान उडताना त्यांनी कधीच पाहिलं नव्हतं.

त्या सकाळी विमानात मामांचे जावई होते, माझ्या मामेबहिणीचे, ताईचे यजमान. ताईचे दिवस भरत आलेले, म्हणून ती घरी.

"निघालं," मामी म्हणाली. "उचललं."



"वळलं का?" मामांनी विचारलं.

मामी खाली गवताकडे बघत राहिली. मी तिचा हात धरला, तो थंडगार पडला होता.

"अगं, बोल की! जीव काढतेस का माझा?"

"डावं चाक गळून पडलं हो."

वजन वाचवायला त्या चाकाची खीळ मामांनीच बारीक केली होती. ते वळले. पहिल्यांदाच वर बघितलं.  वर जावयांना कशाचाच पत्ता नव्हता. नेहमीसारखे सरळ उतरले असते तर विमानाने कोलांटी खाल्ली असती. मामा धावत सुटले. गवतातलं चाक उचलून डोक्यावर धरलं आणि मैदानाच्या मधोमध उभे राहिले. विमान उतरायला खाली येत होतं, थेट त्यांच्याच अंगावर.

"अहो, बाजूला व्हा!" मामी किंचाळली.

मामा हलले नाहीत. डोळे मात्र गच्च मिटलेले. विमान अगदी जवळ आलं, इंजिन गरजलं, आणि ते त्यांच्या डोक्यावरून पुन्हा वर चढलं.

जावयांना दिसलं होतं.

मामीने ओढतच मामांना कडेला आणलं. पुढच्या खेपेला जावई उजव्या चाकावर कलून उतरले. वेग होता तोवर तोल राहिला. मग डावा पंख जमिनीला लागून कडाकडा मोडला आणि विमान गर्रकन फिरलं. धुळीत काहीच दिसेना. मामी देवाचं नाव घ्यायचंही विसरली.

धुळीतून जावई लंगडत आले. कपाळावर खोक, ओठ पांढरे.

"सासरेबुवा, पंख गेला तुमचा," ते म्हणाले. हसायला गेले आणि मटकन खाली बसले.

 मामांनी चाक अजून छातीशी कवटाळलेलं.

"सोडा आता," मामी म्हणाली. "उतरलेत ते. बघा तरी."

ते बघत होते, पण बोटं काही उघडेनात. शेवटी मामीने ती एकेक करून सोडवली.