वजनकाट्याचा जुना संगणक
सरकीचा वास आला की अमडापूरजवळच्या जिनिंगमधली, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यातली, ती दुपार आठवते. बीटी कापसाच्या गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत गेली होती, आभाळ भरून आलं होतं आणि वजनकाट्याचा संगणक अडकला म्हणून मालकांनी मला बोलावलं होतं. एखादा प्रोग्राम सिस्टीमकडे काय काय मागतो, ते ओळीओळीने दाखवणारं एक सॉफ्टवेअर साधन आम्ही काही मित्र मिळून लिहायचो, सांभाळायचो. या संगणकातला प्रोसेसर इतका जुना, की त्याच्यासाठी लिहिलेला भाग साधनातून काढून टाकायचं ठरत होतं. फक्त माझा होकार बाकी होता. "भाऊ, कापूस भिजून जाईन ना! काऊन बंद पडलं हे?" गाडीवरची बाई ओरडली. तो भाग अजून काढला नव्हता, म्हणून मी तेच साधन इथे चालवू शकलो. बिघडलेल्या प्रिंटरच्या उत्तराची वाट पाहत प्रोग्राम थांबला होता. मी प्रिंटरची वायर उपटली. "चालू झालं बे!" हमाल ओरडला. शेवटची गाडी शेडखाली गेली आणि थेंब पडायला लागले. संध्याकाळी मी होकाराऐवजी मित्रांना कळवलं, "एक हंगाम थांबा." पुढच्या वर्षी जिनिंगमध्ये नवा संगणक आला, तेव्हा तो भाग मीच काढला. आज त्याची कुणाला आठवणही नाही. पण एकेक ओळ पुसताना मी मनात विचारत होतो, अजून कुणी वापरून राह्यलं का?