आडवे हात

आमचे एक शेजारी आमच्याकडे जेवायला बसले की ताटावर दोन्ही हात आडवे पसरत. "बास, वहिनी." आग्रहाने वाढण्यात माझी बायको कुणाला हार जात नाही, पण डाव पातेल्यात परत जाईपर्यंत ते हात हलत नसत. तोवर आमटी गार होई.

तुम्हाला वाटेल, ही कसली सवय? वर्ल्ड कपच्या आधी कतारमध्ये रेल्वेमार्ग बांधणाऱ्या एका कंपनीत ते क्रेनला इशारे देत. हात आडवे म्हणजे थांब. "ओझं थांबल्याशिवाय हात खाली घ्यायचे नाहीत, भाऊ," ते सांगत. माणूस सिन्नरकडचा, दोह्याच्या अल सद्द भागात आमच्याच इमारतीत राहायचा आणि शुक्रवारी हक्काने जेवायला यायचा.

एका दुपारी क्रेनने उचललेल्या लोखंडी गर्डरखाली त्यांच्या टोळीतला नेपाळी गडी सापडला आणि जागीच गेला. त्याच्या बायकोने भरपाईसाठी कंपनीवर दावा लावला. कंपनी म्हणाली, इशारा मिळताच क्रेन थांबली होती, तोच आपण होऊन खाली घुसला. इशारा देणारे आणि पाहणारे ते एकटेच.

साक्षीच्या दिवशी मीच त्यांना गाडीतून कोर्टात नेलं. वाटेत म्हणाले, "काल मॅनेजरनं बोलावलं व्हतं. म्हणे, आठवत नाही एवढंच सांगा. कॉन्ट्रॅक्ट रिन्यू होईल, इन्शाल्ला."

"मग?"

"मग काय. चहा चांगला व्हता."

मला त्यांची काळजी वाटत होती. ते खिडकीबाहेर बघत होते.

कोर्टाचं काम अरबीत चालायचं, दुभाषा हिंदीत सांगायचा. कंपनीच्या वकिलाने विचारलं, इशारा कसा दिला? त्यांनी हात आडवे पसरले. वकिलाने पुढचा प्रश्न विचारला, मग त्याच्या पुढचा. हात तसेच. शेवटी न्यायाधीश काहीतरी बोलले.

"हात नीचे कीजिए," दुभाषा म्हणाला.

"कैसे करूँ? क्रेन तो रुकी ही नहीं."

दुभाष्याने ते अरबीत सांगितलं. लिहून घेणारा कारकून मान वर करून त्यांच्याकडे बघत राहिला.

त्या शुक्रवारी ते जेवायला आले. बायकोने आमटी वाढली, भात वाढला, परत वाढला. त्यांनी हात पसरले नाहीत. वाढेल ते खात राहिले, मान खाली घालून. आमटी ताटाबाहेर आली तेव्हा बायको आपणहून थांबली.

कॉन्ट्रॅक्ट अर्थातच रिन्यू झालं नाही. ते सिन्नरला गेले. पुढे निकाल त्या बाईच्या बाजूने लागला. फोन करून मी कळवलं.

 ते म्हणाले, "क्रेन थांबली म्हणायची."