मोरीच्या तोंडाशी

आमच्या बागेच्या वाटेत आडव्या येणाऱ्या वहाळावर यंदा आम्ही मोरी बांधली. सिमेंटचा पाइप तळापासून हातभर वर बसला, पण टेम्पो कोरड्या चाकांनी पार जाऊ लागला. आता पाऊस लागलाय. अंडी घालायला वर चढणारे मासे त्या पाइपाकडे उड्या मारताहेत आणि काँक्रीटवर आपटून खाली पडताहेत. वहाळ हीसुद्धा कुणाची तरी वाट असते, हे बांधताना आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही.

शेजारच्या सुमनकाकी खाली टोपली धरून उभ्या आहेत. "यंदा जाळा नको," त्या हसत म्हणाल्या, "आपसूक पडतत." मग एक मासा उचलून त्यांनी त्याचं अंड्यांच्या गाभोळीनं फुगलेलं पोट अंगठ्यानं चाचपलं. तो टोपलीत टाकत त्या म्हणाल्या,

"पुढल्या वर्साक टोपली पण नको."