तिसरा गिअर आणि आमचे साडभाऊ

बिघाडाला जीव लावणारा माणूस म्हणून आमच्या साडभाऊंना अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात तोड नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. बोदलकसाच्या तलावावर तर इतकी वर्षं काढली, की निवृत्तीनंतर फुलचूरला घर बांधल्यावरही ते न्हाणीतला नळ एकदम सोडत नसत. तोटी जराशी फिरवून आधी पाण्याचा अंदाज घेत. मिक्सर बंद पडला की इतरांच्या घरी चटणी अडते, यांच्या घरी सण सुरू होई. भिंतीवरचं घड्याळ मागे पडायला लागलं, तर त्याला उतरवून, मांडीवर घेऊन, कानाशी लावून ते तासभर बसत. तीच वस्तू दुरुस्त झाली की मात्र त्यांच्या मनातून उतरे आणि पुन्हा बिघडेपर्यंत ते तिच्याकडे ढुंकून पाहत नसत.

अशा माणसाच्या हाती एक जुनी ऑटोमॅटिक गाडी लागली. लागली म्हणजे त्यांनी ती नागपूरच्या एका डॉक्टरांकडून मुद्दाम आणली, आणि आणली ती ताईंसाठी, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीसाठी. ताईंचा डावा पाय लहानपणापासून अधू. एसटीच्या पायऱ्या चढताना त्यांना कुणाचा तरी हात धरावा लागे, आणि हात धरणं त्यांना मनापासून आवडत नसे. या गाडीला क्लच नव्हता, गिअर आपोआप बदलणार, म्हणजे डाव्या पायाला कामच नाही. दिवाळी झाली की कोहमाऱ्याच्या पलीकडे ताईंच्या माहेरगावी मंडई भरायची. आमच्याकडे मंडई म्हणजे गावची जत्रा. सासरी गेलेल्या लेकी माघारी येतात, दुकानं लागतात, रात्री नाटक होतं. त्या मंडईत एकदा आपल्या हातानं गाडी चालवत जाऊन उतरायचं, एवढीच ताईंची इच्छा. साडभाऊंनी शब्दही दिला होता, "येत्या मंडईले तूच गाडी नेजो."

पण गाडी दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाईना. ती दुसऱ्यातच नरड्याच्या शिरा ताणून ओरडत राही, आणि कधी तिसरा पडलाच तर असा धक्का देऊन, की मागे बसलेल्याच्या तोंडातला पान-सुपारीचा विडा बाहेर यावा. झालं, साडभाऊंना निवृत्तीनंतरचं आयुष्य सापडलं. त्यांनी जाहीर केलं, की तिसरा गुपचूप पडल्याशिवाय गाडी रस्त्यावर ताईंच्या हाती द्यायची नाही. घरामागच्या मैदानात तेवढं चालवायचं. ताईंनी तिथंच चकरा मारून हात बसवला, लायसनही काढलं. मैदानात तिसऱ्या गिअरची गरज कुणाला पडते?

गिअरबॉक्समध्ये तेलाचा दाब असतो आणि त्या दाबावर गिअर बदलतात, हे कळल्यावर साडभाऊंना ते यंत्र एकदम घरचंच वाटायला लागलं. "हा कालवाच होय गा," ते मला बॉनेटखाली वाकवून सांगत. "पह्यला गेर म्हणजे गेटाजवळची धानाची बांधी, तिले पाणी भेटतेच. तिसरा म्हणजे टोकावरचा कास्तकार. त्याच्यापर्यंत पाणी कायले पोचत नाही? वर कोणीतरी पाट अडवून राहिला. तो सापडला पायजे." मग तेल मोजायची पट्टी बाहेर निघे. इंजिन चालू ठेवून, सपाट जागी मोजायची म्हणून त्यांनी पाण्याची नळी लावून अंगणाची पातळी काढली आणि एका कोपऱ्यात मुरूम टाकून घेतला. पट्टी पांढऱ्या रुमालाला पुसून तो रुमाल येईल त्या पाहुण्याच्या नाकाशी धरला जाई. "वास घ्या. जळका येऊन राहिला ना?" येई खरा. आमच्या घरच्या मुलीसाठी त्यांच्याकडे आलेलं एक स्थळ केवळ त्या वासानं परत गेलं, असं माझी बायको अजून म्हणते. ताजं लाल तेल भरलं, जाळी धुतली, ॲक्सिलरेटरकडून गिअरबॉक्सकडे जाणारी वायर कधी कसली, कधी सैल केली. तेल महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा काळं पडे.

गोंदियातला मिस्त्री बिचारा दर वेळी म्हणे, "साहब, एक बार मेरे को चलाने दो." साडभाऊ चावी मुठीत धरत. "ही गाडी दुसऱ्याचा पाय सहन करत नाही," असं त्यांचं ठाम मत होतं. ब्रेकचे पॅड सारखे झिजत, त्याचा दोष त्यांनी रस्त्याला दिला. एकदा तर कोहमाऱ्याच्या ढाब्यावर एक ट्रकवाला मुद्दाम उतरून आला आणि म्हणाला, "चाचा, आपकी पीछे की लाल बत्ती जलती ही रहती है." साडभाऊंनी त्याचे आभार मानले, वायरिंगमध्ये शॉर्ट आहे असं निदान केलं आणि घरी आल्यावर मागचे दोन्ही बल्ब काढून डब्यात ठेवून दिले.

या भानगडीत मंडया येत गेल्या आणि ताई एसटीनं जात राहिल्या. दिवाळीचा फराळ करताना एकदा माझ्या बायकोला म्हणाल्या, "यायच्या गाडीचं नीट होईल तवरोक माहा उजवाही पाय जाईल व." हे ऐकलं तेव्हा मला साडभाऊंचा पहिल्यांदा राग आला.

पुढच्या दिवाळीत गाडीची बॅटरी उतरवताना ती साडभाऊंच्या डाव्या पायावर पडली. प्लास्टर घातलं. मंडईच्या सकाळी आम्ही दोघं त्यांच्याकडे पोचलो, तर ताई नवं लुगडं नेसून दारात उभ्या.

"अजी, चाबी द्या."

"तिसरा पडत नाही ना व अजून."

"नाही पडला तं दुसऱ्यात जाईन. उद्या पोचीन, पण जाईन."

साडभाऊंनी चावी दिली आणि प्लास्टरचा पाय सांभाळत शेजारी बसले. आम्ही दोघं मागे. फुलचूरची घरं मागं पडली, मोकळा रस्ता लागला, ताईंनी उजव्या पायानं हलकेच वेग वाढवला, आणि दुसऱ्याचा तिसरा कधी झाला ते कळलंही नाही. गाडी एकदम शांत झाली. साडभाऊंनी मान वाकडी करून कान लावला. "हळू कर. आता पुन्हा वाढव." ताईंनी तसं केलं. तिसरा पुन्हा पडला, अगदी गुपचूप.

मग ते वाकून ताईंच्या पायांकडे पाहू लागले. उजवा पाय ॲक्सिलरेटरवर. डावा, तो अधू पाय, चप्पल काढून मागे घेऊन निवांत ठेवलेला. साडभाऊंनी नंतर स्वतःच्या प्लास्टरकडे पाहिलं, आणि गोरेगाव येऊन गेलं तरी ते त्याच्याकडेच पाहत होते. जन्मभर खात्याची जीप हाकलेल्या माणसाचा डावा पाय क्लचवर टेकलेला असायचा. या गाडीत क्लच नव्हता, तर तो पाय सवयीनं ब्रेकवर टेकत होता. ब्रेक जरासा दाबलेला, म्हणून ॲक्सिलरेटर जास्त दाबायचा. गाडीला वाटायचं आपण चढावर आहोत, आणि ती वरचा गिअर घ्यायचीच नाही.

कोहमाऱ्याला चहासाठी थांबलो. साडभाऊ कपाकडे बघत म्हणाले, "पाट मीच अडवून राहिलो होतो." ताईंनी त्यांच्या कपावरची माशी हाकलली. "प्या आता. मंडईत सगळे वाट पाहून राहिले."

त्या दिवशी ताई मंडईत गाडीतून उतरल्या तेव्हा कुणाचाही हात धरावा लागला नाही. माहेरची सगळी आळी गोळा झाली होती. दुसऱ्या दिवशी परत आल्यावर साडभाऊंनी डबा शोधला आणि मागचे बल्ब बसवले.

पुढे ताई एकट्याच जाऊ लागल्या. एका मंडईच्या सकाळी मी फुलचूरला गेलो, तर गाडी नुकतीच फाटकाबाहेर पडली होती आणि साडभाऊ फाटकाला धरून उभे होते. अंगणातला मुरूम गवतानं झाकला होता. "भाऊ, तुम्ही काऊन नाही गेले?" मी विचारलं.

"मी बाजूले बसलो का डावा पाय दाबून राहतो. तिले राग येते." त्यांनी मला हातानं गप्प केलं आणि रस्त्याकडे कान लावला. गाडी वळणापलीकडे गेली होती, नुसता आवाज येत होता.

"दुसरा," ते म्हणाले. थोड्या वेळानं, अगदी हळू, "पडला तिसरा."

मग आवाजही ऐकू येईनासा झाला. ते तसेच उभे राहिले, आणि मी पाहिलं, त्यांचा डावा पाय जमीन दाबत होता.